अर्धी गोळी नेमकी अर्धी कशी होते?

डॉक्टरांनी ‘अर्धी गोळी, सकाळी’ असं लिहून दिलं की घरात सुरी निघते. एक तुकडा मोठा, एक लहान आणि ताटलीत चुरा. ठाण्याच्या नौपाड्यात, कोपरीत, ज्येष्ठ मंडळी असलेल्या कितीतरी घरांत हे रोज चालतं. दोष धारेवर ढकलला जातो, पण माझ्या मते खरा दोष बैठकीचा आहे. गोळी पात्याखाली बरोबर मधोमध बसली, की अर्धं काम झालं.

वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपवाल्यांना हा प्रश्न ओळखीचा आहे. गोल शाफ्ट नेमका मध्यावर धरायचा असेल तर ते तो व्ही-ब्लॉकमध्ये, म्हणजे इंग्रजी V आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यात, ठेवतात. खाचेच्या दोन्ही भिंतींना टेकलेल्या वर्तुळाचा केंद्रबिंदू दोन्ही भिंतींपासून सारख्याच अंतरावर, म्हणजे कोनाच्या दुभाजकावर असतो. केमिस्टकडे मिळणाऱ्या छोट्या कटरमध्ये हीच व्ही आडवी ठेवलेली असते आणि झाकणातलं पातं दुभाजकावर उतरतं. गोळी ६ मि.मी.ची असो की १० मि.मी.ची, काप केंद्रातूनच जातो.

पातं दुभाजकाला आडवं बसवलं, तर मात्र सगळं फसतं. ६०° च्या खाचेत गोळीचं केंद्र टोकापासून बरोबर तिच्या व्यासाइतकं लांब असतं. म्हणजे ८ मि.मी.च्या गोळीसाठी जुळवलेलं पातं १० मि.मी.च्या गोळीत तब्बल २ मि.मी. चुकेल.

मोकळी वस्तू सहा प्रकारे हलू शकते : तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. सपाट तळ त्यातले तीन प्रकार रोखतो, व्हीच्या दोन भिंती आणखी दोन. उरते ती गोळीची स्वतःभोवतीची गिरकी. साध्या गोल गोळीला तिने काही बिघडत नाही, पण गोळीवर मधोमध रेघ असेल तर ती पात्याच्या रेषेत आणणं शेवटी डोळ्यांवर आणि बोटांवर येतं. मोतीबिंदू झालेल्या, हात थरथरणाऱ्या माणसासाठी कटर बनवताना सगळ्यात जास्त विचार इथेच व्हायला हवा. झाकण पारदर्शक हवं, तळ गोळीच्या रंगाहून वेगळा हवा. दोन्ही बाजूंनी फुगीर गोळी सपाट तळावर डुलते, म्हणून तिच्याखाली मऊ रबर हवं. लांबट गोळीला नुसती व्ही पुरत नाही. दोन्ही टोकांना धरणारी वेगळी पकड लागते.

बिजागरी गोळीच्या माथ्यापेक्षा खाली असेल, तर पातं उतरताना गोळीला बिजागरीपासून दूर ढकलतं. व्हीचं टोक बिजागरीपासून दूरच्या बाजूला ठेवलं की हा धक्का गोळीला खाचेत आणखी घट्ट बसवतो. टोक उलट्या बाजूला असेल तर गोळी निसटते.

गोळी म्हणजे दाबून घट्ट केलेली भुकटी. ती दाब बराच सोसते, ताण मात्र फारसा नाही. पातं पाचरीसारखं शिरतं, दोन्ही बाजू ओढल्या जातात आणि तडा सरळ खाली धावतो. रेघेपाशी हा ताण एकवटतो, म्हणून तडा तिथूनच फुटतो. पातं बोथट असेल तर तडा जाण्याआधीच कड चिरडते.

युरोपीय औषधकोशाची, म्हणजे औषधांच्या दर्जाचे निकष सांगणाऱ्या ग्रंथाची, कसोटी अशी : ३० गोळ्या मोडायच्या, प्रत्येकीचा एक भाग तोलायचा. सरासरी वजनाच्या ८५ ते ११५ टक्क्यांबाहेर एकाहून जास्त भाग गेला, किंवा ७५ ते १२५ टक्क्यांबाहेर एक जरी गेला, तरी ती गोळी नापास.

काही गोळ्या मात्र कापायच्याच नसतात. पाकिटावर एसआर, ईआर किंवा एक्सआर असेल तर औषध तासन्‌तास थोडंथोडं सुटावं म्हणून तिची रचना केलेली असते. ती मोडली की अनेकदा बराचसा डोस एकदमच अंगात जाऊ शकतो. पँटोप्राझोलसारख्या गोळीवरचं आवरण औषधाला जठरातल्या आम्लापासून वाचवतं, तेही तुटतं. अशा वेळी कमी ताकदीची गोळी मिळते का, हे डॉक्टरांना किंवा केमिस्टला विचारावं. कापायची गोळीही लागेल तेव्हाच कापावी, कारण ठाण्याच्या पावसाळी हवेत उघडा पडलेला अर्धा भाग लवकर ओल धरतो. आणि दुसऱ्या कुणाची गोळी कापण्याआधी कटर धुऊन, नीट कोरडा करून घ्यावा.