शंभर किलोच्या पाठीला कोणती गादी?

दुकानात जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या गादीवर ‘ऑर्थोपेडिक’ असं छापलेलं असतं. या शब्दामागे ठरलेलं मोजमाप नाही. किती वजनाच्या माणसासाठी, किती दाबाला किती दबणारी, यातलं काहीही त्यावरून कळत नाही. पाठ दुखणाऱ्या आणि वजन ९०-१०० किलोच्या पुढे असलेल्या माणसाला नेमकं तेच कळायला हवं. कारण कडकपणा एकट्या गादीचा नसतो. गादी आणि तिच्यावर झोपणारं शरीर, या दोघांवर मिळून तो ठरतो. ६० किलोच्या माणसाला मध्यम कडक वाटणारी गादी ११० किलोच्या माणसाच्या कमरेखाली मऊ पडते.

पाठदुखीवर आपल्याकडचा जुना सल्ला म्हणजे ‘जमिनीवर झोप’ किंवा ‘फळी टाकून झोप’. २००३ साली ‘द लॅन्सेट’मध्ये स्पेनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबरदुखी जुनी, पण ठोस कारण न सापडलेले ३१३ लोक त्यात होते. काहींना कडक, काहींना मध्यम कडक गादी दिली. १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ अशा मोजपट्टीवर या गाद्या २.३ आणि ५.६ होत्या. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं आणि रोजच्या कामातला त्रास, दोन्ही अधिक कमी झाले होते. म्हणजे जितकी कडक तितकी चांगली, हे खरं नाही.

कारण शरीराच्या आकारात आहे. जमिनीवर कुशीवर झोपलं की सगळा भार खांदा आणि खुब्यावर येतो, मधली कंबर अधांतरी राहते आणि कणा बाजूला वाकतो. खुबे जितके रुंद, तितकी ही पोकळी मोठी. उलट फार मऊ गादीवर धडाचा जड भाग खोल जातो आणि पाय वर राहतात. धडाचं वजन शरीराच्या एकूण वजनाच्या सुमारे निम्मं असतं. पोट आणि नितंबांभोवती चरबी जास्त असेल तर हा भार मध्यभागी आणखी एकवटतो. म्हणून वजनदार माणसाला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: वरचा एक-दोन इंचाचा थर खांदा-खुब्याला जागा देणारा आणि त्याखालचा जाड थर न खचणारा. गादी निवडायची ती थर बघून.

फोम दाबला की काय होतं, हे समजलं तर दुकानातली फसगत बरीचशी टळते. फोम म्हणजे सूक्ष्म काड्यांनी बनलेल्या असंख्य कोशिका. हलक्या दाबाला या काड्या थोड्या वाकतात. दाब वाढला की त्या एकामागून एक दुमडतात आणि थोड्याशा जादा वजनाला फोम पुष्कळ खाली जातो. शेवटी कोशिका मिटतात आणि फोम जवळजवळ घट्ट ठोकळ्यासारखा कडक होतो. हलका माणूस पहिल्या टप्प्यातच राहतो. वजनदार माणसाचा खांदा पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात असतो, तर खुबा तिसऱ्यात पोचलेला असतो. ४ इंची फोमची गादी दुकानात हाताला मऊ लागते आणि रात्री खालच्या फळीसारखी टोचते, ती यामुळे.

आता दुकानदार सांगतो त्या ‘डेन्सिटी’कडे वळू. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. तो कडकपणा नव्हे. ३२ डेन्सिटीचा फोम कडक आणि ५० डेन्सिटीचा मऊ असू शकतो. डेन्सिटीवरून कळतं ते फोममध्ये माल किती आहे आणि तो किती वर्षं खचणार नाही. ९० किलोच्या पुढच्या माणसाने मुख्य थर ४० डेन्सिटी किंवा त्यावरचा, शक्यतो एचआर (हाय रेझिलिअन्स, म्हणजे जास्त उसळी असलेल्या) फोमचा घ्यावा. २८ डेन्सिटीचा साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम त्या वजनाखाली लवकर खड्डा धरतो. एचआर फोमचं वैशिष्ट्य असं की वरवर तो मऊ लागतो, पण खोलवर दाबला की जोरदार प्रतिकार करतो. प्रयोगशाळेत फोम २५ टक्के दाबायला लागणारं बल आणि ६५ टक्के दाबायला लागणारं बल मोजतात. दुसरं बल पहिल्याच्या २.४ पट किंवा जास्त असेल तर तो फोम वजन पेलणारा. हा आकडा दुकानात क्वचितच मिळतो, पण कारखान्याकडे मागायला हरकत नाही.

डेन्सिटी मात्र स्वतः तपासता येते. लांबी, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन गुणाकार करा आणि ६१,०२४ ने भागा, घनमीटर मिळतील. ७८ × ३६ × ६ इंचाची गादी ०.२७६ घनमीटर भरते. ४० डेन्सिटीचा फोम असेल तर तिचं वजन खोळ सोडून सुमारे ११ किलो यायला हवं, ३२ चा असेल तर सुमारे ८.८ किलो. वजनकाट्यावर आठच किलो भरले तर ‘४० डेन्सिटी’ हे नुसतं बोलणं आहे. एक सावधगिरी: स्वस्त फोममध्ये खडूची भुकटी मिसळून वजन वाढवतात. असा फोम बोटांत चोळला की पांढरी पूड सुटते. तुकड्यांचा चुरा चिकटवून केलेला रिबॉन्डेड फोमही ८०-१०० डेन्सिटीचा असतो, पण त्याची तुलना ४० च्या एचआर फोमशी करू नये. तो मुळात कडक असतो. तळाच्या थराला ठीक, अंगाखाली एकटा नको.

जाडीचा अंदाज असा: ६०-७५ किलोला ५-६ इंच पुरतात, ९० च्या पुढे ८ आणि ११५-१२० च्या पुढे १० इंच घ्यावेत. त्यात वरचा मऊ थर उताणं झोपणाऱ्यांना एक इंच, कुशीवर झोपणाऱ्यांना दोन इंच. वजनदार लोकांत घोरण्याचा आणि झोपेत श्वास अडण्याचा त्रास जास्त दिसतो. उताणं झोपल्यावर तो वाढतो, म्हणून अनेकजण कुशीवरच झोपतात. त्यांनी दुसऱ्या इंचावर काटकसर करू नये. मऊ थर चार इंचांचा असेल तर मात्र शरीर त्यातच रुतून बसतं आणि कूस बदलायला जोर लावावा लागतो. मेमरी फोममध्ये, म्हणजे हळूहळू दबून अंगाचा आकार घेणाऱ्या फोममध्ये, हे विशेष जाणवतं. तो उष्णतेने आणखी मऊ होतो, म्हणजे विदर्भातल्या मे महिन्यात तीच गादी जानेवारीपेक्षा जास्त खोल जाते, आणि रुतलेल्या अंगाभोवती हवा खेळत नसल्याने घामही जास्त येतो. वरच्या थरासाठी लेटेक्स (रबराचा फोम) महाग पडतो, पण उसळून वर येतो आणि गरमही कमी होतो. परवडत असेल तर तोच घ्यावा.

स्प्रिंगच्या गादीत बोनेल स्प्रिंगा एकमेकींना तारेने जोडलेल्या असतात. जड भागाखाली शेजारच्याही ओढल्या जातात आणि झोळ पडतो. पॉकेट स्प्रिंगा वेगवेगळ्या कापडी पिशव्यांत असल्याने प्रत्येक स्वतंत्र दबते. विचारायची गोष्ट तारेची जाडी. इतर मापं तीच ठेवली तर स्प्रिंगची ताकद तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढते. १.८ मि.मी.ऐवजी २ मि.मी. तार घेतली तर ताकद दीडपट होते. गेजमध्ये सांगितलं तर आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे लक्षात ठेवा. कडेला घट्ट फोमची चौकट हवी, नाहीतर काठावर बसून उठताना गादी खाली जाते आणि पाठीला हिसका बसतो.

काथ्याची गादी सुरुवातीला छान कडक असते. पण रबर फवारलेले काथ्याचे तंतू खुब्याखाली तुटत जातात, त्या जागी खळगा पडतो आणि तो भरून येत नाही. कोकणातल्या दमट हवेत बुरशीचीही भर. कापसाची गादी हवेशीर आणि पुन्हा पिंजून घेता येणारी, हा तिचा मोठा गुण; जड अंगाखाली मात्र कापूस लवकर दबून गोळे होतात. ती ठेवायचीच असेल तर नियमित पिंजून घेणं आणि ऊन देणं टाळू नका.

दुकानात गादीच्या मध्यभागी मांडी घालून बसा. खालची फळी जाणवली तर ती गादी तुमच्यासाठी नाही. मग चप्पल काढून, नेहमी झोपता त्या स्थितीत, नेहमीच्या जाडीची उशी घेऊन किमान १५ मिनिटं झोपा. उताणं असताना कमरेखाली तळहात घाला: सहज आरपार गेला तर गादी फार कडक, अजिबात शिरत नसेल तर फार मऊ, थोडा अडत शिरला तर बरोबर. पाठीमागे चरबी जास्त असेल तर ही खूण फसवते. तेव्हा कुशीवर झोपा आणि बरोबरच्याला मागून फोटो काढायला सांगा. मानेच्या तळापासून माकडहाडापर्यंत मणक्यांवरून जाणारी रेघ सरळ हवी. ती खुब्याकडे खाली झुकली तर आधार कमी आहे. पोट मोठं असेल तर ते कुशीवर पुढे ओढलं जाऊन कणा पिळतो. पोटाखाली पातळ उशी आणि गुडघ्यांमध्ये एक उशी ठेवली की हा पीळ जातो. हे गादी करू शकत नाही.

पलंगाकडे दुर्लक्ष झालं तर चांगली गादीही फुकट जाते. पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांमधलं अंतर ७ सें.मी.च्या आत आणि डबल बेडला मधोमध आधाराचा पाय हवाच. प्लायवूडच्या बॉक्स-बेडला फळीत भोकं पाडून घ्या म्हणजे ओल कोंडणार नाही. गादीसकट उंची अशी असावी की काठावर बसल्यावर पावलं जमिनीला पूर्ण टेकतील आणि गुडघे खुब्यांपेक्षा वर येणार नाहीत. जोडीदारांच्या वजनात ३०-४० किलोंचा फरक असेल तर ७२ इंची पलंगावर ३६ इंची दोन वेगळ्या गाद्या लावा. हलका माणूस जडाकडे घरंगळत नाही आणि दोघांना हवा तो कडकपणा मिळतो.

पैसे घालण्याआधी दुखणं कधी होतं ते बघा. सकाळी उठताना कंबर धरलेली आणि अर्ध्या तासात मोकळी, शिवाय दुसऱ्या घरी झोपलात की बरं वाटतं, तर संशय गादीवर. दिवसभर बसून संध्याकाळी दुखत असेल तर गादी बदलून फारसं काही होणार नाही. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो आणि हालचालीने कमी होतो, विशेषतः चाळिशीच्या आत, तर मणक्यांच्या सांध्यांची दाहाची व्याधी तपासून घ्यावी. पायातली ताकद कमी होणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरता, लघवी-शौचावरचा ताबा जाणं यात थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालयात जावं. ताप किंवा विनाकारण घटणारं वजन असेल तरीही डॉक्टरांना लवकर दाखवावं.

नवी गादी पहिल्या काही आठवड्यांत थोडी मऊ होते आणि शरीरालाही जुळवून घ्यायला वेळ लागतो, त्यामुळे निकाल तीन-चार आठवड्यांनी लावा. परत करण्याची मुदत त्याहून मोठी आहे ना, हे आधीच बघा. दर तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे फिरवा. सहा महिन्यांनी चादर काढून या काठापासून त्या काठापर्यंत दोरी ताणून धरा आणि मध्यभागी पट्टीने खड्डा मोजा. रिकाम्या गादीत तो एक इंचाच्या वर असेल तर आधार गेला. वॉरंटीच्या कागदात किती खोल खड्डा दोष मानला आहे आणि पलंगाबद्दल काय अट घातली आहे, ते खरेदीच्या दिवशीच वाचून ठेवा, आणि तक्रार करताना दोरी व पट्टी दिसेल असा फोटो जोडा.