इंजिन आमच्याकडे यायच्या आधी खोलू नका
(जुनं वाफेचं रेल्वे इंजिन पुन्हा चालू करू पाहणाऱ्या संस्थांसाठी आमच्या वर्कशॉपकडून माहितीपत्रक)

फोनवर पहिलं वाक्य हल्ली ठरलेलं असतं, "निम्मं काम आम्ही करून ठेवलंय, तुम्ही फक्त बॉयलर बघा आणि जोडून द्या." निम्मं काम म्हणजे काय, तर इंजिन खोललेलं, नटबोल्ट सगळे एका बॅरलमध्ये, बॉयलरच्या ट्यूबा (आगीचा गरम धूर पाण्यातून नेणाऱ्या नळ्या) कापून भंगारात आणि फ्रेमला चकचकीत काळा रंग. हेतू चांगलाच असतो, खर्च वाचावा, कार्यकर्त्यांच्या हाताला काही काम मिळावं. पण असं आलेलं इंजिन कुणी हात न लावलेल्या गंजक्या इंजिनापेक्षा जास्त वेळ खातं आणि तो वेळ शेवटी तुमच्याच बिलात येतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी ट्यूबांचं बघू, कारण सगळ्यात महागात पडतं ते हेच. जुन्या ट्यूबा तशाही बदलायच्याच असतात त्यामुळे लोकांना वाटतं गॅस कटरने उडवल्या तर काय बिघडलं. ट्यूबचं काहीच बिघडत नाही हो, बिघडतं ते ट्यूबप्लेटचं, म्हणजे ट्यूबांची टोकं जिच्या भोकांत बसतात त्या जाड पत्र्याचं. ट्यूबचं टोक प्लेटच्या भोकात एक्सपांडर घालून फुगवून बसवलेलं असतं, तिथे धातूला धातू घट्ट टेकतो तेवढ्यावरच वाफ आणि पाणी अडतं. कटरची ज्योत भोकाच्या कडेला जरा जरी चाटून गेली की तिथे नखाएवढी खाच पडते, आणि त्या खाचेवर नवी ट्यूब कितीही फुगवा, गळणारच. मग ते भोक वेल्डिंगने भरायचं, परत गोल करायचं, शेजारची भोकं त्या उष्णतेने ओढली गेली का ते तपासायचं. फायरबॉक्सची (आग जळते त्या पेटीची) प्लेट तांब्याची असली तर हे काम अजून नाजूक. आम्ही ट्यूब काढतो ती आधी प्लेटपासून आत कापून, मग उरलेलं टोक चेपून, भोकाला धक्का न लावता. कंटाळवाणं काम आहे पण प्लेट वाचते.

आणि ट्यूबा फेकू नका. बाहेरच्या अंगाला क्षाराचा थर किती आणि कुठे जास्त, खड्डे खालच्या ओळीत आहेत की सगळीकडे, यावरून त्या बॉयलरला आयुष्यभर कसलं पाणी पाजलं ते कळतं आणि नव्या ट्यूबांसाठी पाण्यात काय करायचं तेही ठरतं.

आता बॅरलमधले नटबोल्ट. सिलिंडर फ्रेमला ज्या बोल्टांनी धरलेला असतो ते दुकानात मिळणारे बोल्ट नसतात. भोक दोन्ही भागांतून एकदम रीमरने (भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराने) साफ केलेलं आणि प्रत्येक बोल्ट त्या-त्या भोकाच्या मापाने लेथवर काढलेला, हातोडीच्या ठोक्याने बसणारा. शेजारच्या दोन बोल्टांत केसाएवढा फरक असतो, डोळ्याला दिसत नाही, भोकाला कळतो. सगळे एकत्र झाले की एकेक बोल्ट प्रत्येक भोकात लावून बघण्यात दिवस जातात, शेवटी जमत नाहीत ते नवे काढावे लागतात. डावीकडच्या आणि उजवीकडच्या साइड रॉडची (चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्यांची) बुशिंगं, ॲक्सलबॉक्सच्या (चाकाच्या कण्याचं बेअरिंग धरणाऱ्या पेटीच्या) मागचे शिम, म्हणजे फट भरायच्या पातळ पट्ट्या, यांचंही तेच. कुठल्या शिमची जाडी कुठे होती यावरून फ्रेम सरळ आहे की एका बाजूला ओढलीय याचा अंदाज येतो. एका बाजूचं बेअरिंग जास्त झिजलंय असं दिसलं तर आम्ही आधी चाकांची रांग तपासतो, मग वितळलेला धातू ओतून बेअरिंग नवं करतो, नाहीतर नवीन बेअरिंगही वर्षभरात तसंच झिजणार. बॅरलमध्ये टाकलेले शिम यातलं काहीच सांगत नाहीत.

रॉडवर किंवा व्हॉल्व गिअरवर (वाफेचे व्हॉल्व हलवणाऱ्या दांड्यांवर) दुसऱ्याच इंजिनाचा नंबर ठोकलेला दिसला तर घाबरून फोन करू नका, आणि तो घासून तर अजिबात काढू नका. जुन्या रेल्वे कारखान्यांत एकाच वर्गाच्या इंजिनांचे भाग आपसात फिरायचे, बॉयलरसुद्धा. ब्रिटनच्या फ्लाइंग स्कॉट्समनसारख्या नावाजलेल्या इंजिनाच्या अंगावरही त्याच्या आयुष्यात अनेक बॉयलर येऊन गेलेत. तो नंबर म्हणजे तुमच्या इंजिनाची कागदपत्रंच आहेत.

रंगाबद्दल थोडक्यात. गंजाचे ओघळ, पांढरे क्षाराचे डाग, रिव्हेटच्या कडेची काळी रेघ, हे सगळं गळती कुठे होती ते दाखवतं. रंगाखाली गेलं की आम्हाला आधी तुमचा रंग काढावा लागतो, तोही तुमच्याच पैशाने. रंग शेवटी द्या, हवा तो द्या, आमचे पेंटर देतात किंवा तुमचे कार्यकर्ते देऊ देत, आमचं काही म्हणणं नाही.

"बघून अंदाजे आकडा तरी सांगा" हा प्रश्न रोज येतो. आम्ही आधी पाहणीचे पैसे घेतो आणि बॉयलर उघडेपर्यंत पूर्ण कोटेशन देत नाही, यावरून काहीजण नाराज होतात. पण फायरबॉक्स आणि बाहेरचं कवच यांना बांधून ठेवणारे शेकडो स्टेबोल्ट असतात, लॅगिंग (बॉयलरवरचं उष्णता धरून ठेवणारं आवरण) निघाल्याशिवाय बाहेरून दिसत नाहीत. बऱ्याच स्टेबोल्टांना टोकातून एक बारीक भोक असतं, स्टे आतून तुटला की तिथून पाणी झिरपतं, पण जुन्या इंजिनात ती भोकं गंजाने बुजलेली असतात. ती साफ करायची, प्लेटची जाडी अल्ट्रासोनिक मीटरने जागोजागी मोजायची, मग कळतं की दहा स्टे बदलायचेत का सगळाच एक पट्टा. त्याआधी कुणी आकडा सांगत असेल तर तो एक तर खूप फुगवलेला असतो नाहीतर नंतर वाढणार असतो.

बॉयलरच्या बाबतीत आम्ही हट्टी आहोत हे खरंय. १० बार दाबाला आतलं पाणी १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं असतं आणि तरी पाणीच असतं, कवच फाटलं की त्यातल्या काही पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि मोकळ्या हवेत ती वाफ पाण्याच्या साधारण १६०० पट जागा मागते. म्हणून आधी गार पाण्याने हायड्रॉलिक टेस्ट, पाणी दाबलं तरी फारसं आकसत नाही त्यामुळे काही गेलं तरी नुसतं गळतं. त्यानंतरच वाफ. "एकदा थोडीशी आग लावून बघितली, शिट्टी वाजली" असं ऐकलं की आम्ही ते इंजिन पहिल्यापासून तपासतो.

किती वेळ लागेल? अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक रेल्वेने बिग बॉय ४०१४ हे इंजिन २०१३ साली म्युझियममधून परत घेतलं, ते वाफेवर धावलं २०१९ च्या मे महिन्यात, आणि त्यांच्याकडे स्वतःचं वर्कशॉप होतं. फ्लाइंग स्कॉट्समन २००५ च्या अखेरीला दुरुस्तीला गेलं ते २०१६ ला परत आलं. तुमचं इंजिन लहान असेल तर काम खूपच कमी, पण "पुढच्या कार्यक्रमापर्यंत" असं कृपया ठरवून येऊ नका.

कार्यक्रमासाठी चाकं फिरलेली दिसली तरी पुरे असं असेल तर सांगा, दाबाची हवा थेट सिलिंडरला देऊन इंजिन चालवायची सोय आम्ही करतो, खर्च बराच कमी होतो. जुन्या बॉयलरमध्ये मात्र कधीही हवा भरू नका.

आम्ही येईपर्यंत करण्यासारखं: धुराड्यावर झाकण, बॉयलरमधलं पाणी पूर्ण काढून आतून कोरडा ठेवा, राखेच्या पेटीतली ओली राख काढा कारण तीच तळ खाते. सिलिंडर कोरडे असताना इंजिन ओढून हलवू नका, आतला गंज पिस्टनने घासून सिलिंडरला चरे पडतात. पितळी वस्तू, म्हणजे शिट्टी, प्रेशर गेज, बॉयलरला पाणी देणारा इंजेक्टर, चोरीला जातात म्हणून तेवढं काढलं तर चालेल, फक्त काढायच्या आधी फोटो आणि प्रत्येकाला तारेने पत्र्याचा टॅग, कागदी नको, तेलाने भिजून फाटतो. बॉयलरवरचं लॅगिंग कुणालाही ओढू देऊ नका, जुन्या इंजिनांत ते बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसचं असतं आणि त्याची धूळ फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही. त्यासाठी वेगळी माणसं आणि वेगळा पोशाख लागतो, आम्ही ती सोय करून देतो.

आधीच सगळं खोलून झालं असेल तरी फोन करा, अशी कामंही आम्ही घेतो. भाग लावून ओळखायचा खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखवतो, म्हणजे तो कशाचा आहे ते तुमच्या समितीलाही दिसेल. बॅरल मात्र आहे तसंच पाठवा, तळाचा गंजाचा चुरासुद्धा, त्यात शिम असतात.