गाडीला मोठी अलॉय चाके बसवायची? आधी मान्यता, मग खरेदी

पुण्यात टायरच्या दुकानात गेलात की तासाभरात १६ इंची चाके बसवून मिळतात. परवानगीचं मात्र तिथे कुणी बोलत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की, आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

म्हणून सुरुवात ड्रायव्हरच्या दाराशी असलेल्या स्टिकरपासून आणि मॅन्युअलपासून करा. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी १६ इंची चाके देत असेल, तर तोच साइज तुमच्या गाडीला चालतो का, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. माझ्या मते सगळ्यात मोलाचा कागद हाच.

टायर घासणं हे साइजच्या हिशेबातच कळतं. १८५/६५ आर१५ म्हणजे टायरची रुंदी १८५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. त्याची एकूण उंची सुमारे ६२१ मिमी, १९५/५५ आर१६ चीही जवळपास तेवढीच. पण २०५/६० आर१६ घेतलात तर ती ६५२ मिमी होते. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर चाकाच्या कमानीतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराला (लायनरला) लागू शकतो आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून गाडीला बसणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर) कमी असेल तर चाक बाहेर सरकते, मग पाच माणसं बसवून गतिरोधक ओलांडताना टायर फेंडरला घासतो. लोड इंडेक्सही, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडाही, बघाच. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५. तो मूळ टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नका.

कंपनीच्या यादीबाहेरचा साइज हवा असेल, तर पैसे मोजण्याआधी आरटीओत विचारा. एमएच १२ साठी संगम पुलाजवळचे कार्यालय, एमएच १४ साठी पिंपरी-चिंचवडचे. वाहनातील बदलाचा अर्ज परिवहन संकेतस्थळावरून भरता येतो. आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, चाकांचा तपशील आणि सर्व्हिस सेंटरचे पत्र जवळ ठेवा. कर्ज चालू असेल तर बँकेची लेखी संमतीही घ्या. गाडी तपासणीसाठी न्यावी लागू शकते.

मान्यता मिळून चाके बसली की विमा कंपनीला बिलासह लेखी कळवा आणि पॉलिसीवर नोंद करून घ्या.