फॉस्जीन पकडणारे रेणू: पार्श्वभूमी

विषारी वायू ओळखायचा म्हणजे पूर्वी सगळी भिस्त नाकावर. फॉस्जीनच्या बाबतीत नेमका तिथेच घात होतो. हवेच्या एक कोटी भागांत एक भाग, ही त्याची कामाच्या ठिकाणची सुरक्षित मर्यादा मानतात. कुबट गवतासारखा वास यायला लागतो तोवर ही मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते.

हा वायू १८१२ मध्ये जॉन डेव्ही यांनी कार्बन मोनॉक्साइड आणि क्लोरीनचं मिश्रण उन्हात ठेवून तयार केला. डिसेंबर १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने तो युद्धात वापरला. वायू छातीत गेलेला सैनिक काही तास धडधाकट दिसायचा, मग फुप्फुसांत पाणी भरून गुदमरायचा. युद्धानंतरही हा वायू टिकला, कारण प्लास्टिक आणि कीटकनाशकांच्या उद्योगाला तो लागतो. भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये मिथाइल आयसोसायनेट यापासूनच बनायचं. तिथे डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीनने एका कामगाराचा जीव घेतला. तो इशारा मानला असता तर १९८४ च्या त्या रात्रीआधी काही करता आलं असतं, असं मला ठामपणे वाटतं.

रसायन लावलेल्या कागदी पट्ट्या जुन्याच. फॉस्जीन लागला की त्या पिवळ्या-नारिंगी होतात. पण फिकट पिवळ्यातला फरक डोळ्याला चटकन कळत नाही. काळोखातला मंद उजेड मात्र कळतो. फ्लुओरेसंट, म्हणजे प्रकाश शोषून स्वतः चमकणाऱ्या, रेणूंचं बळ ते हेच.

श्रीलंकेत जन्मलेले, बेलफास्टचे रसायनशास्त्रज्ञ ए. प्रसन्न डी सिल्वा यांनी अशा रेणूंची रचना पद्धतशीर मांडली. चमकणाऱ्या रंगद्रव्याला अमीन हा नायट्रोजनयुक्त अणूंचा गट जोडला की त्याचा इलेक्ट्रॉन रंगद्रव्याकडे जातो आणि चमक विझते. अमीन दुसरीकडे गुंतला की चमक परत येते. फॉस्जीनसाठी बेंझिनच्या कड्यावर शेजारी शेजारी दोन अमीन बसवतात. फॉस्जीनच्या रेणूतले दोन्ही क्लोरीन निघून जातात, उरलेला कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनची जोडी) दोन अमीनमध्ये पुलासारखा बसतो, कडं बंद होतं आणि असे रेणू लावलेली पट्टी उजळते. दोन अमीनच्या या युक्तीआधी, २००७ मध्ये, टेक्सासमधल्या झांग आणि रुडकेविच यांनी वेगळी वाट धरली होती: कुमारिन या चमकणाऱ्या रंगद्रव्याचे दोन निरनिराळे रेणू फॉस्जीनने एकमेकांना जोडले की एकाने शोषलेली ऊर्जा दुसऱ्यातून उजेड होऊन बाहेर पडते.

अडचण अशी की ही अभिक्रिया उलटत नाही, त्यामुळे पट्टी एकदाच वापरता येते. म्हणून कारखान्यांत सतत पहारा ठेवायला अजून इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरच (वायूच्या अभिक्रियेतून निघणारा विद्युतप्रवाह मोजणारी उपकरणं) लावतात, आणि कामगाराच्या छातीवर रंग बदलणारा बिल्ला असतो.