शरदाला पानगळ म्हणू नका, निदान इंदूरात तरी

ऑक्टोबर लागला की आमच्या लिहिणाऱ्यांच्या ग्रुपवर कोणीतरी टाकतंच, "ऑटम आलाय, पानगळीवर काहीतरी लिहा", आणि सोबत लाल मेपलचा फोटो. अहो, इंदूरात ऑक्टोबरात पानं कुठे गळतात? पाऊस नुकताच गेलेला, रस्त्याकडेला अजून हिरवं, शेतात सोयाबीनची काढणी चाललेली आणि दुपारी ऑक्टोबर हीट. इथे पानं गळतात ती होळीच्या सुमारास.

बरं, ज्यांच्याकडून आपण हा ऑटम उचलला त्यांच्याकडेही सगळी पानगळच नाहीये. इंग्रज कवी कीट्सने सप्टेंबर १८१९ मध्ये विंचेस्टरला लिहिलेली 'टू ऑटम' ही कविता काढून बघा, पिकलेली फळं, मधमाश्या, कापणी, पानं गळतायत असं कुठेच नाही. पानं उडवली ती दुसऱ्या इंग्रज कवीने, शेलीने, 'ओड टू द वेस्ट विंड'मध्ये, त्याच वर्षी, फ्लॉरेन्सला.

आपल्याकडे शरद म्हणजे आभाळ धुऊन निघाल्यावरचा ऋतू. वेदात तर वर्षंच शरदांनी मोजलीत, 'पश्येम शरदः शतम्', शंभर शरद बघू म्हणजे शंभर वर्षं जगू. आणि ज्या कालिदासाचं नाव आपल्या शेजारच्या उज्जैनशी जोडलेलं आहे त्याच्या ऋतुसंहारात तिसरा सर्ग शरदाचा, तिथे शरद नव्या नवरीसारखी येते, काशाच्या पांढऱ्या फुलांचं वस्त्र नेसून. पानगळीची उदासी वगैरे काही नाही.

पण मला विचाराल तर इथला खरा खजिना पोथीत नाही, भिंतीवर होता. पितृपक्षात माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाची संजा काढायच्या, रोज नवी आकृती, फुलांनी सजवायची, संध्याकाळी तिच्यापुढे गाणी, आणि शेवटी मोठा किलाकोट, म्हणजे किल्ल्यासारखी आकृती. आमची आजी शेजारच्या मालवी मैत्रिणींकडे संजा घालायची आणि घटस्थापना झाली की स्वतःच्या अंगणात भोंडला, म्हणजे महिनाभर नुसती गाणीच, सासर-माहेरची, टिंगलीची, वर खिरापत ओळखायची ती वेगळीच. यमक जुळवायला ती तिथेच शिकली असं म्हणायची. (आता फ्लॅटच्या भिंतीला शेण लावून बघा, सोसायटी नोटीस काढेल.)

छापील शरद त्या मानाने अलीकडचा. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंक काढला, मराठीतला पहिला म्हणून तोच धरतात, आणि तेव्हापासून मराठी लेखकाचं कॅलेंडर दिवाळीला बांधलं गेलं. गंमत अशी की अंक हातात येतो शरदात पण साहित्य मागतात त्याच्या कितीतरी आधी, त्यामुळे आपल्याकडचं कितीतरी चांदणं भर पावसाळ्यात लिहिलेलं असतं. माझी यंदाची कथा कोजागिरीची आहे, गच्ची, आटीव दूध, 'शब-ए-मालवा' म्हणतात ती माळव्याची प्रसिद्ध रात्र, सगळं. लिहिली जुलैत, लाइट गेलेले आणि खिडकीतून पाणी आत येत होतं.