गढी-वाड्यांचे छायाचित्रण (ग्रामीण विदर्भ)

प्रवासात वाटेवर लागणाऱ्या, ऊन-पावसाने झिजलेल्या जुन्या वास्तूंची छायाचित्रे काढण्याचा छंद. वऱ्हाडातल्या देशमुख-पाटलांच्या गढ्या आणि सागवानी वाडे, १९५१ साली मालगुजारी (सारावसुलीची जमीनदारी पद्धत) गेल्यापासून रिकामे होत गेलेले भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारांचे वाडे, कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंग-प्रेसिंग गिरण्या, कापसासाठीच सुरू झालेल्या शकुंतला रेल्वेची ओस स्थानके हे याचे विषय. नरनाळा किल्ल्याचा १४८७ सालचा महाकाली दरवाजा, लोणारची देवळे, वैनगंगेकाठचे मार्कंडा येथेही कॅमेरे पोचतात. पण त्यांची दप्तरी नोंद आहे. गावच्या गढीची बहुतेकदा कुठेच नसते. त्यामुळे छायाचित्राची खरी गरज गढीलाच आहे.

गढीची भिंत पांढऱ्या मातीची, बुडाशी रुंद आणि वर निमुळती. बाहेरून दगडाचे किंवा चुन्यातल्या विटांचे अस्तर. पडझड बहुधा ठरलेल्या क्रमाने होते. आधी अस्तराचे दगड निघतात आणि गावातल्या घरांच्या पायात जातात. उघड्या मातीवर पावसाचे ओघळ पडतात. ही माती पाणी झिरपू देत नाही, म्हणून धाब्याच्या सपाट छतावर टाकायला आणि भिंती सारवायला लोक ती बुडातून खणून नेतात, आणि भिंत खालून पोकळ होते. नीट पाहिले तर हे सगळे एकाच फोटोत सापडते: खाली कुदळीचे घाव, मध्ये ओघळ, वर अर्ध्यात तुटलेली तुळई. वर राहिलेल्या भिंतीत एखादी देवळी असते, आणि तिच्या कमानीवर दिव्याची काजळी अजून काळी दिसते. अशी देवळी जवळून टिपल्याशिवाय गढीवरून परतू नये.

भरदुपारी पांढरी भिंत सपाट दिसते. ओघळ आणि विटांच्या कडा उठतात त्या सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच सोयीचा काळ. वाड्यात अडचण वेगळी. चौकात लख्ख ऊन आणि सोप्यात अंधार, म्हणून एकाच जागेवरून कमीजास्त एक्स्पोजरचे तीन-चार फोटो घ्यावे लागतात. कॅमेरा वर तिरपा केला की खांब आत झुकल्यासारखे दिसतात. मागे सरून तो सरळ धरावा. संरक्षित स्मारकात तिपाई लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

पावसात भिजलेली भिंत उघडीप पडल्यावरही कोसळते. जुन्या धाब्यावर पाय ठेवू नये, गवताने झाकलेल्या धान्याच्या पेवांची आणि विहिरींची चौकशी आधी करावी. बुरुजाला आग्या मोहोळ असेल तर मुकाट्याने मागे फिरावे.

कॅमेरा दिसला की पहिला प्रश्न येतो, "कोठून आले भाऊ? मोजनीवाले हाये का?" प्रश्न रास्त आहे. वारसांची भांडणे, अतिक्रमणाच्या नोटिसा, कोर्टाच्या तारखा यांत यातल्या कितीतरी जागा अडकलेल्या असतात. आधी पारावर बसून आपण कोण ते सांगावे, किल्ली कोणाकडे ते विचारावे आणि त्या माणसाला सोबत घेऊनच आत जावे. अर्धा वाडा पडला तरी उरलेल्या दोन खणांत कुणाचा तरी संसार चालू असतो. "मावशी, आत येऊ का?" असे उंबऱ्याबाहेरून विचारावे, देवघरापुढे चपला काढाव्यात. पडक्या भिंतीची शोभा वाढवण्यासाठी घरच्या म्हातारीला तिच्यापुढे उभे करणे मात्र वाईट.

गाव, तालुका, तारीख आणि घराण्याचे सांगितलेले नाव फोटोसोबत लिहून ठेवावे. नुसत्या पोपडे सुटलेल्या भिंतींपेक्षा खांब-तुळईचे सांधे, दिंडी दरवाजाच्या कड्या, कवेलूंची रचना टिपलेली जास्त उपयोगी पडते; वाडा उतरवून सागवान विकले गेले की हे पुन्हा पाहायला मिळत नाही. एक-दोन प्रिंट घरच्यांना जरूर पाठवाव्यात. तुळईला नुसते दोन लोखंडी आकडे दिसत असतात, प्रिंट हातात घेतलेले आजोबा त्यांवर बोट ठेवून सांगतात, "इथं बंगई (झोपाळा) होती."