प्रत्याघात (परराष्ट्रधोरण)

प्रत्याघात : बलाढ्य राष्ट्राने परक्या देशात केलेल्या उचापतींचा राग तिथे साचत जातो आणि पुढे कधीतरी, बहुधा दहशतवादी हल्ल्याच्या रूपाने, त्या राष्ट्राच्या माणसांवर उलटतो. आंतरराष्ट्रीय राजकारणात याला ब्लोबॅक म्हणतात. या नोंदीत त्यासाठी प्रत्याघात हा शब्द योजला आहे. मराठी अग्रलेखांत अशा वेळी हटकून भस्मासुर येतो. उपमा चटकदार खरी, पण पुरती जुळत नाही. भस्मासुर वर देणाऱ्याच्याच मागे धावला, आणि आपण काय देऊन बसलो हे शंकराला ठाऊक होते. इथे वर देणारे एक, जळणारे दुसरेच. जळणाऱ्यांना असा काही वर दिला गेल्याचा पत्ताही नसतो, कारण बरीचशी कारवाई गुप्तपणे झालेली असते.

शब्द मुळात सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या दफ्तरातला. इराणचे पंतप्रधान मोहम्मद मोसाद्देक यांना १९५३ मध्ये पदच्युत करणाऱ्या कटाचा अंतर्गत इतिहास संस्थेने पुढच्याच वर्षी लिहून घेतला, त्यात तो आढळतो. मोसाद्देक यांनी १९५१ मध्ये ब्रिटिशांच्या हातातल्या अँग्लो-इराणियन ऑइल कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले होते. भाड्याचे मोर्चे, विकत घेतलेली वर्तमानपत्रे आणि फोडलेले लष्करी अधिकारी एवढ्या भांडवलावर काम फत्ते झाले. इराणचे राजे, म्हणजे शहा, यांची गादी पक्की झाली आणि सावाक ही त्यांची गुप्त पोलीस यंत्रणा छळासाठी कुप्रसिद्ध झाली. अमेरिकेत हे प्रकरण फारसे कोणाच्या गावी नव्हते. इराणात मात्र लोक ते विसरले नाहीत. क्रांतीने पदभ्रष्ट झालेल्या शहांना १९७९ मध्ये उपचारांसाठी अमेरिकेने येऊ दिले, तेव्हा तेहरानला १९५३ चीच आठवण झाली. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी विद्यार्थी अमेरिकी वकिलातीत घुसले. ५२ जणांना ४४४ दिवस ओलीस राहावे लागले.

अफगाणिस्तानचे उदाहरण अधिक परिचित आहे, आणि अधिक घोटाळ्याचेही. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा तिथे उतरल्यावर अमेरिका आणि सौदी अरेबियाने त्यांच्याशी लढणाऱ्या मुजाहिदीनांसाठी पैसा ओतला, १९८६ पासून स्टिंगर ही विमानविरोधी क्षेपणास्त्रेही दिली. वाटप मात्र पाकिस्तानच्या आयएसआयकडे होते आणि तिने झुकते माप कडव्या गटांना दिले. फेब्रुवारी १९८९ मध्ये सोव्हिएत सैन्य परतले. शस्त्रे आणि ती चालवायला शिकलेली माणसे तिथेच राहिली. ‘लादेनला सीआयएनेच पोसले’ हे वाक्य पुण्याच्या कट्ट्यांवर छातीठोकपणे ऐकू येते. त्याला थेट पैसे दिल्याचा पुरावा पुढे आलेला नाही. ज्या रानात तो वाढला त्याला खतपाणी मिळाले, एवढे म्हणता येते. त्याची स्वतःची जाहीर तक्रार निराळी होती: १९९० च्या कुवेत संकटानंतर सौदी भूमीवर अमेरिकी सैन्य ठाण मांडून बसले. ऑगस्ट १९९८ मध्ये नैरोबी आणि दार-एस-सलाम इथल्या अमेरिकी वकिलातींवर बॉम्बहल्ले झाले. त्यांत २२४ जण मेले. त्यांतले अमेरिकी होते १२. बाकी बहुतेक रस्त्याने जाणारे, बाजूच्या इमारतीत कामाला आलेले आफ्रिकी लोक.

राग म्हणजेच दहशतवाद, असे सरळ समीकरण अर्थातच नाही. व्हिएतनामने अमेरिकेचे सोसले तेवढे थोड्यांनीच सोसले असेल, पण व्हिएतनामी बॉम्ब न्यूयॉर्कमध्ये फुटले नाहीत. संघटना, पैसा, आसरा देणारे राज्य आणि मरणाला अर्थ देणारी विचारसरणी, हे सगळे जमून यावे लागते. रॉबर्ट पेप या अमेरिकी अभ्यासकाने १९८० ते २००३ मधले ३१५ आत्मघाती हल्ले तपासून परकी लष्करी ताबा हे त्यांमागचे मुख्य कारण असल्याचे मांडले. जिथे ताबा होता पण असे हल्ले झाले नाहीत, ती ठिकाणे त्याने मोजलीच नाहीत, हा टीकाकारांचा आक्षेप वजनदार आहे.

भारतानेही हा अनुभव घेतला आहे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोरांना भारतात प्रशिक्षण मिळाले. १९८७ मध्ये शांतिसेना गेली ती त्यांच्यातल्याच एलटीटीईशी लढू लागली आणि सुमारे बाराशे जवान गमावून १९९० मध्ये परतली. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला एलटीटीईने, ती सेना पाठवणाऱ्या राजीव गांधींची हत्या केली.

पुण्यात १३ फेब्रुवारी २०१० च्या शनिवारी संध्याकाळी कोरेगाव पार्कमधल्या जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ जण मेले. तपास इंडियन मुजाहिदीनकडे वळला. त्या संघटनेच्या तक्रारी देशांतर्गत होत्या, त्यामुळे ही घटना या संकल्पनेत ओढूनताणून बसवू नये. मात्र बेकरीजवळच ज्यूंचे छाबाड हाऊस आहे, आणि भारतातल्या छाबाड हाऊसांची टेहळणी डेव्हिड हेडलीने केली होती. हा हेडली अमेरिकी नागरिक आणि एकेकाळचा अमेरिकी अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या.

साम्राज्याची राजवट म्हणजे परराष्ट्रधोरण नव्हे, तरी पुण्याचे जुने उदाहरण टाळता येत नाही. १८९७ च्या प्लेगात गोरे सोजीर घरांत, देवघरांत शिरले. २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला. सरकारी दफ्तरात तो खून. मराठीत मात्र अफजलखानासारखाच ‘रँडचा वध’. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात क्रांतिकारी गुन्ह्यांची हकीकत सुरू होते ती मुंबई इलाख्यापासून आणि या प्रकरणापासून. रँडची गाडी ज्या गव्हर्नर बंगल्यातून निघाली तो आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, आणि दहशतवादाची कारणे शिकवणारा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग त्याच आवारात भरतो.